फॅमिली क्वार्टरमधील बालपण आणि दलित स्वकथन

1

दलित बालपणाचा पत्ता आपण फार लवकर ठरवून टाकला. 1978 साली ‘बलुतं’ आले. पाठोपाठ ‘आठवणींचे पक्षी’ (1979), ‘उपरा’ (1980), ‘तराळ-अंतराळ’ (1981), ‘जिणं आमुचं’ (1986) आली आणि आठ-दहा वर्षांत मराठी वाचकाला हा पत्ता तोंडपाठ झाला. गावकुसाबाहेरची वस्ती किंवा पाल. पाणी दुसऱ्याच्या हातात. शाळेत दाराशी बसलेले पोर. हा पत्ता खोटा नव्हता. शेकडो वर्षे ज्याची नोंद कुणी घेतली नाही ते जगणे या पुस्तकांनी मराठी साहित्याच्या दारात आणून उभे केले. त्यांतले दया पवार तर आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातील धामणगावचे. पण त्यांच्या पुस्तकात गावाच्या जोडीला मुंबईचा कावाखाना आहे. म्हणजे पहिल्याच मोठ्या पुस्तकाने सांगितले होते की, पत्ता एकच नसतो. ते विसरलो आपण, समीक्षा लिहिणारे.

कारण आणखी एक पत्ता होता : ब्लॉक अमुक, क्वार्टर नंबर तमुक, फॅमिली लाईन, कॅम्प. फौजेत गेलेल्या आपल्या माणसांची पोरे तिथे वाढली. नगरच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले असले, तरी बोलताना सगळ्यांचे ते नगरच, आणि नगर म्हणताच भिंगारची छावणी आलीच. 1948 पासून आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे. 1979 साली स्थापन झालेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटचे केंद्रही इथेच आहे. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. पाथर्डी, कर्जत, पारनेर, श्रीगोंदा, कुठल्याही तालुक्यात पहाटे डांबरी सडकेवर भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात, आणि त्यांत बौद्धवाड्यातली, मातंगवाड्यातली पोरे असतातच. तरीही फौजेच्या लाईनीत वाढलेल्या दलित पोराचे पुस्तक आपल्या चर्चेत नाही, आपल्या अभ्यासक्रमांतही नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत अशा बालपणाच्या आठवणींची पाच हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला आली. एक निवृत्त शिक्षिकेचे, एक बँकेतल्या कारकुनाचे, दोन माझ्या माजी विद्यार्थ्यांचे आणि एक स्वतःच पेन्शनीवर आलेल्या हवालदाराचे, जो हवालदाराचाच मुलगा. अजून काहीच छापलेले नाही, म्हणून नावे देत नाही. पण त्यांनी उभे केलेले प्रश्न सगळ्यांचे आहेत, आणि मीही अकराव्या वर्षापर्यंत क्वार्टरमध्येच वाढलेलो असल्यामुळे ते माझेही आहेत.

2

पाचही हस्तलिखितांत पहिल्या दोन-तीन पानांतच नळ येतो. हा योगायोग नव्हे. गावी विहिरीवर कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून घागर घेऊन थांबलेली आई आणि क्वार्टरच्या मोरीत स्वतःच्या हाताने तोटी फिरवणारी आई, या दोन चित्रांमधले अंतर त्या पोराने डोळ्यांनी पाहिलेले असते. बंड, मोर्चा, परिषद यांतला एकही शब्द माहीत नसलेल्या बाईला सरकारच्या नळाने एक गोष्ट दिली : पाण्यासाठी कुणाचे तोंड पाहायचे नाही.

नळानंतर येतो क्वार्टरचा नंबर. गावात पत्ता सांगितला की जात सांगितली जाते. आळीचे नाव हीच जात. क्वार्टरला मात्र नुसता आकडा. डावीकडे गढवाली, उजवीकडे तमिळ, समोर हरियाणाचा जाट, आणि मध्ये आपण. मग येतो बडा खाना, जिथे साहेबही जवानांच्या पंगतीत बसून जेवतात. मग कॅन्टीनच्या रांगा, पंधरा ऑगस्टची परेड, उघड्या मैदानातला सिनेमा, चौथऱ्यावर मांडलेला जुना रणगाडा आणि त्याच्या नळीला लोंबकळणारी पोरे. लेखन साधे आहे, चांगले आहे. बँकेतल्या कारकुनाने काळ्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला बापाचा नंबर, हुद्दा आणि नाव यांचे वर्णन केले आहे. बदली झाली की ती अक्षरे खरवडून नवी पलटण लिहायची, आणि खालचे जुने नाव अंधूक दिसत राहायचे. असे वर्णन अनुभवाशिवाय येत नाही.

पण मग पाचही जण एका वाक्याशी येऊन थांबतात. शब्द थोडेफार वेगळे असतील, वाक्य एकच : तिथे जातपात नव्हती.

हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे, आणि स्वकथनात अपुरे वाक्य खोट्याइतकेच नुकसान करते. कारण त्यानंतर लेखक प्रश्न विचारायचे थांबतो. जात तिथे नव्हती, तर ती गेली कुठे होती? कुणाच्या हुकुमाने गेली? किती दिवसांसाठी? आणि गेली ती सगळ्यांसाठीच गेली काय?

3

हे प्रश्न मी माझ्या पदरचे काढलेले नाहीत. फौजेच्या लाईनीत जन्मलेल्या एका मुलाने ते फार पूर्वी उभे करून ठेवले आहेत. बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत झाला हे वाक्य आपण दरवर्षी भाषणात म्हणतो आणि पुढे सरकतो. छावणी या शब्दापाशी थांबत नाही. वडील रामजी सुभेदार पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकलेले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. आजोळचे मुरबाडकरही फौजेतले, सुभेदार-मेजरच्या हुद्द्याचे. म्हणजे दोन्हीकडून पलटणीचे घर. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची व्यवस्था होती. गावातला महार अक्षराला पारखा असताना लाईनीतला महार वाचत होता, आणि लाईनीतल्या महाराची मुलगीही वाचत होती.

याच वाचणाऱ्या माणसांतून आपले पहिले लेखन आले. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून पेन्शनीवर आले, दापोलीला राहिले आणि 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पुढे 1892-93 च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली, तेव्हा 1894 च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज लिहायला वलंगकरच बसले. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. महायुद्ध पेटले आणि माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि 1921 साली ती मोडली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा गरज. 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी त्याच वर्षी संरक्षण सल्लागार समितीवरून आग्रह धरला होता. ही सनावळी मी माहितीसाठी देत नाही. क्वार्टरमधली समता कशावर उभी होती ते तिच्यातून दिसते. ती गरजेवर उभी होती. गरज असेतो दार उघडे, गरज सरली की दार बंद.

आता बाबासाहेबांनी स्वतः काय लिहिले ते पाहू. 1935-36 च्या सुमारास लिहिलेल्या आणि पुढे 1990 साली पुस्तिकारूपाने आलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत 1901 च्या सुमाराचा एक प्रवास आहे. आई वारलेली, वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल. साताऱ्याहून भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर हा मुलगा वडिलांकडे निघतो. नवे सदरे, झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कुणी आलेले नाही. स्टेशनमास्तर पोशाखावरून त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो, मायेने चौकशी करतो. मुलगा सरळ सांगून टाकतो, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल होतो. पण गाडी हाकायची पोरांनी, तो पायी चालणार. रात्रभर डबा जवळ आणि प्यायला पाणी नाही, म्हणून पोरे उपाशी.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून नेहमी सांगतो. समीक्षक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा मुलगा महारवाड्यातला असता तर त्याने स्टेशनमास्तरला असे उत्तर दिलेच नसते. तो आधीच दूर उभा राहिला असता. तो जवळ उभा राहिला आणि सहज बोलून गेला, कारण तो फौजी घरात वाढला होता. कपडे होते, दुप्पट भाड्याचे पैसे होते, नीट बोलायची सवय होती, पाणी नव्हते. पलटणीने दिलेले आणि बाहेरच्या जगाने नाकारलेले अशा दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच प्रसंगात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीची भलावण करून दुसरी झाकली नाही. दुसरीच्या रागाने पहिली नाकारली नाही. क्वार्टरच्या बालपणावर लिहिणाऱ्यासाठी याहून वेगळा वस्तुपाठ मला माहीत नाही.

त्याच आठवणींत साताऱ्याची शाळा आहे. वर्गात बसायला घरून न्यायचे गोणपाट आहे. शिपाई हजर नसेल तर पाणीही नाही, ही व्यवस्था आहे. सुभेदाराचा मुलगा आणि गोणपाट. छावणीची हद्द ओलांडली की हुद्दा गळून पडतो आणि जात उरते. माझ्याकडच्या पाचांपैकी फक्त निवृत्त शिक्षिकेच्या हस्तलिखितात ही हद्द दिसते. दरवर्षी दोन महिन्यांच्या रजेवर वडील गावी यायचे, स्टेशनवर उतरल्यावर बूट काढून पिशवीत ठेवायचे आणि चपला घालायचे. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही, बाईंनीही लिहिलेले नाही. पण ती एक ओळ बाकीच्या साठ पानांना पुरून उरते. तिच्यामुळे नळाच्या आनंदाला अर्थ येतो.

4

इथे मला माझ्या स्वतःच्या लेखनाचा हिशेब द्यावा लागेल. तो न देता दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारणे बरोबर नाही.

कॉलेजात असताना वार्षिक अंकासाठी मी एक लेख लिहिला होता, ‘आमची लाईन’. त्याला बक्षीस मिळाले. त्यात नळ होता, बडा खाना होता, ईदची खीर आणि लोहडीची शेकोटी होती, आणि शेवटी ते वाक्यही होते : आमच्या लाईनीत जात नव्हती. प्राध्यापकांनी ते फळ्यावर लिहून दाखवले होते.

त्या लेखात एक गोष्ट नव्हती. उत्तरेकडच्या ज्या छावणीत आम्ही होतो, तिथे लाईनीच्या टोकाला नाल्यापलीकडे सफाईवाल्यांच्या खोल्या होत्या. फौजेत सफाईवाला हा भरतीचा एक प्रकार होता. वर्दी तीच, नंबर तसाच, पगारपत्रक तसेच. पण त्या प्रकारात कोणत्या जातीची माणसे असतात हे लाईनीतल्या लहान पोरालाही कळत होते. त्या खोल्यांतला एक मुलगा तिसरीत माझ्या बाकावर बसायचा. एकदा खेळता खेळता मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने तव्यावरची गरम पोळी गूळ घालून दिली, मी खाल्ली आणि घरी येऊन आईला कौतुकाने सांगितले. आई रागावली नाही. काही बोललीही नाही. तिने मला मोरीत उभे केले, तोटी सोडली आणि डोक्यावरून पाणी घातले. ज्या नळाचे गुण मी पुढे लेखात गायले, त्याच नळाखाली.

माझ्या आईला तिच्या माहेरच्या गावात दुकानदार वरून सुटे पैसे टाकीत असे. तिने बुद्धवंदना पाठ केलेली होती. दादांच्या पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता. लाईनीतल्या सर्वधर्म स्थळात आमच्यासाठी वेगळी तसबीर नव्हती, म्हणून 14 एप्रिलला दादा पेटी उघडून तिच्यापुढे अगरबत्ती लावीत. त्या घरात हे घडले. आईला दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही. तिने जे भोगले तेच तिने नकळत पुढे दिले. आणि लाईनीने तिला एक पायरी वर चढवली तेव्हा खालची पायरी कुणाची हेही लाईनीनेच तिला दाखवले. पण मी ते लेखातून गाळले. माझ्या बक्षिसाला ते अडचणीचे होते.

पाचही हस्तलिखितांत सफाईवाला आहे. सकाळी येतो, झाडू मारतो, जातो. एकाही हस्तलिखितात त्याला घर नाही, बायकोमुले नाहीत. आपल्याच जिल्ह्यात सोनईला 1 जानेवारी 2013 रोजी मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. ते योग्यच होते. पण ज्या समाजासाठी मोर्चा काढतो त्या समाजाचे घर आपल्या आठवणीत कुठे आहे हा प्रश्न स्वकथनाने विचारायला हवा. प्रस्थापितांच्या आठवणींत आपण नव्हतो, म्हणून आपण लिहायला बसलो. आता आपल्या आठवणींत कोण नाही ते पाहायची वेळ आपली आहे.

5

दुसरा प्रश्न भाषेचा. आपल्या स्वकथनांचे बळ त्यांच्या बोलीत होते. वस्तीतली शिवी, ओवी, म्हण जशीच्या तशी छापखान्यात गेली आणि प्रमाण मराठीचा सोवळेपणा मोडला. क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोराकडे ती बोली नसते. त्याची खेळण्याची भाषा हिंदी, तीही कुठल्याच प्रांताची नसलेली, पंजाबी, भोजपुरी, तमिळ सगळ्यांच्या तोंडून घासून निघालेली लाईनीची हिंदी. शाळेत इंग्रजी. मराठी उरते आईबापांच्या बोलण्यापुरती आणि रजेपुरती.

या हिंदीने आम्हाला एक गोष्ट दिली होती : तिने जात झाकली. मराठी बोलताना एका शब्दावरून, एका हेलावरून माणसाची वस्ती ओळखता येते. हिंदीत आम्ही नुसते ‘महाराष्ट्रवाले’ होतो. गावी आल्यावर चुलतभाऊ हसायचे आणि गावातली इतर पोरे बुजायची. मराठी नीट यायला लागली तशी माझी जातही मला पुन्हा यायला लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता या पाच लेखकांनी काय केले? पाचही जणांनी लाईनीची हिंदी पुसून टाकली. गढवाली शेजारीण आणि मराठी आई एकमेकींशी पुस्तकी मराठीत बोलतात. हवालदारसाहेबांच्या हस्तलिखितात तर उस्तादाची शिवीसुद्धा शुद्ध मराठीत आहे. लेखकांना वाटते की दलित स्वकथनाची भाषा वस्तीची असली पाहिजे. ती आपल्याकडे नाही. मग निदान शाळेची तरी असावी. यात नुकसान दुहेरी आहे. वस्तीची भाषा येत नाही ती नाहीच, आणि जी खरोखर येत होती तीही गेली. कावाखान्याची मुंबई मराठी चालली, पारध्याची बोली चालली, तर फौजेच्या लाईनीची हिंदीमिश्रित मराठी का चालू नये? तिच्यात ‘सिविलमध्ये’ म्हणजे छावणीबाहेरच्या जगात, ‘फील्ड’ म्हणजे बाप घरी नसण्याची दोन-तीन वर्षे. हे शब्द पुसले की ते जगणेही पुसले जाते.

बाप ‘फील्ड’ला गेला की बायकामुलांना वेगळ्या क्वार्टरमध्ये ठेवतात. तिथे ब्लॉकच्या ब्लॉक बायकांचे. तार, पत्र, पुढे एसटीडी बूथ, पुढे मोबाइल. त्या ब्लॉकमध्ये आपल्या आयांनी बँकेत खाते चालवले, गॅसचा नंबर लावला, पोरांची फी भरली, रात्री दार ठोठावणाऱ्या जीपची धास्ती घेतली. ‘जिणं आमुचं’ने आणि पुढे ‘आयदान’ने (2003) दलित बाईचे जगणे तिच्याच तोंडून ऐकवले. या ब्लॉकमधल्या बाईचे अजून कुणी ऐकलेले नाही. ती लिहिणार नसेल तर तिच्या मुलीने तिला विचारून लिहावे. माझी आई दिवसभर नळाला पाणी असतानाही झोपण्यापूर्वी पिंप, कळशी, तांब्या सगळे भरून ठेवीत असे. आम्ही हसायचो. त्या भरलेल्या पिंपावर लिहायला मला पस्तिशी गाठावी लागली.

6

तिसरी गोष्ट शेवटाची. सगळी हस्तलिखिते क्वार्टरमध्येच संपतात. बापाची पेन्शन आली, शेजाऱ्यांनी निरोप दिला, ट्रक निघाला, समाप्त. वास्तविक स्वकथन तिथे सुरू व्हायला हवे.

क्वार्टर सोडण्याची एक रीत असते, तिला ‘मार्चिंग आऊट’ म्हणतात. एम. ई. एस.चा माणूस यादी घेऊन येतो. पंखे किती, बल्ब किती, काचा फुटल्या काय, तोट्या गळतात काय, खाटा आहेत काय. जे कमी भरेल त्याची भरपाई पगारातून कापतात. आमच्या वेळी एक तोटी कमी भरली होती. दादांनी पैसे भरले, सही केली, किल्ली दिली. सगळे सरकारचे होते, ते सरकारला परत गेले. त्या यादीत लिहिलेले नव्हते असेही काही आम्ही परत केले, ते मला पुढे कळले.

पेन्शनीनंतर आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. चोवीस वर्षे नोकरी केलेला हवालदार. गावात त्यांना कुणी हवालदार म्हटले नाही. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने बापाच्या नावावरून त्यांना एकेरीत हाक मारली, आणि दादांनी ‘जी’ म्हणून ओ दिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. तो ‘जी’ त्यांनी पलटणीत साहेबाला कधी दिला नव्हता. तिथे ‘सर’ होते, सॅल्यूट होता, त्याला नियम होते. या ‘जी’ला नियम नव्हता. पेन्शन मात्र होती, आणि तिच्यावर मी शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या पेन्शनीचा आहे, त्या ‘जी’चाही आहे. एक सांगून दुसरे लपवले तर ते स्वकथन अर्धेच राहील.

दापोलीत जाऊन राहिलेल्या महार पेन्शनरांची कथा वेगळी नाही. आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून 1890 च्या दशकात त्यांना अर्ज करावे लागले. लाईनीत मिळालेले बाहेर टिकत नाही हे कळल्यावरच त्यांनी लेखणी हातात धरली. म्हणून मी म्हणतो की, क्वार्टरच्या आठवणींचे सत्त्व क्वार्टर सुटल्यानंतर हाती लागते.

7

दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

पहिला आपल्याच कार्यकर्त्यांचा : हे पांढरपेशा बालपण आहे, पोटभर जेवलेल्या, बूट घातलेल्या पोराच्या आठवणींत विद्रोह कुठला? माझे उत्तर असे की, भुकेला दलित जाणिवेचे एकमेव प्रमाणपत्र ठरवले तर बाबासाहेबांची ती रेशीमकाठी धोतरेही आपल्याला नापास करावी लागतील. भूक नसताना, कपडे असताना, भाषा असतानाही जात कशी गाठते हे सांगणारे लेखन आज अधिक गरजेचे आहे. आपल्या वर्गात बसणारी निम्मी मुले त्याच स्थितीत आहेत आणि महारवाड्याची पुस्तके वाचून ती म्हणतात, हे आमच्या आज्याचे झाले, आमचे काय?

दुसरा आक्षेप लेखकांचा. माझ्या एका विद्यार्थ्याने तो स्पष्ट विचारला : सर, आम्ही सुखात वाढलो ते लिहायचेच नाही काय? प्रत्येक आनंदाबरोबर दुःखाची जकात भरायची काय? प्रश्न रास्त आहे. सुख जरूर लिहावे. दलित मुलाने अंगणात निर्धास्त खेळावे हे स्वप्न पाहूनच तर लोकांनी अर्ज लिहिले, मोर्चे काढले. माझी मागणी दुःखाची नाही, हिशेबाची आहे. हे सुख कुठून आले, कुणाच्या हुकुमाने आले, कुणाला वगळून आले आणि कुठल्या तारखेला संपले, एवढे लिहा. ते लिहिल्याने सुख कमी होत नाही. उलट हे कळते की, जात हटवायची ठरवली तर एका आदेशाने, एका नंबरने, एका नळाने ती निदान दारापर्यंत तरी हटते. मग जे छावणीत होऊ शकले ते गावात का होत नाही, हा प्रश्न वाचकाच्या पदरात पडतो. तो पाडण्याइतके मोठे काम या साध्या आठवणी करू शकतात.

आणि हे काम लांबवण्यासारखे नाही. 2022 पासून अग्निपथ योजनेखाली जवानांची भरती होते आहे. नोकरी चार वर्षांची; त्यांतल्या फार तर पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करणार; बाकीच्यांना ठोक रक्कम, पण पेन्शन नाही. लग्न न झालेलीच पोरे घेतात, आणि चार वर्षांत बिऱ्हाडाचा प्रश्नच येत नाही. पहाटे पाथर्डीच्या सडकेवर धावणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांच्या मुलांना क्वार्टरचा नंबर असणार नाही, नळ असणार नाही आणि ज्यावर एक पोर शिकले ती पेन्शनही असणार नाही. 1892 नंतर जे झाले तेच पुन्हा होईल असे भाकीत मी करीत नाही. पण तेव्हा दार बंद होताना आपल्या माणसांनी लिहिले होते, एवढे आठवणीत ठेवावे.

पाचही हस्तलिखिते मी लेखकांना परत केली आहेत. प्रत्येकाच्या शेवटच्या पानाखाली एकच सूचना लिहिली आहे : ट्रक गावात पोचल्यावर पहिली हाक कुणी मारली, ते लिहा. शिक्षिकाबाईंचे उत्तर आले आहे. त्या पुन्हा लिहायला बसल्या आहेत. मीही ‘आमची लाईन’ काढून बसलो आहे. नाल्यापलीकडच्या त्या घरातल्या पोळीपासून सुरुवात करायची आहे.